चूलबंद आवताण आणि मोड आलेली मटकी

आजारी माणसाचं काय करायचं, हे घणसोली गावात सगळ्यांना पाठ आहे. जाताना शहाळं न्यायचं, त्याने काय काय खाऊ नये ते सांगायचं आणि याच दुखण्याने आपल्या ओळखीतलं कोण कोण गेलं, ते त्याला उशाशी बसून सविस्तर ऐकवायचं. पण जो माणूस चांगला धडधाकट आहे, वेळेवर जेवतो, वेळेवर घरी जातो, त्याचं काय करायचं, हा प्रश्न गावात कधी कोणाला पडला नव्हता. तो कमळाकर मढवींच्या अंगावर एका मंगळवारी आला, तोही मेलने.

कमळाकर मढवी म्हणजे मढवी साहेब. तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेज कंपनीत ते ॲडमिन ऑफिसर होते. सफरचंदं, फ्रोझन मटार, चीज वगैरे मंडळी जिथे उन्हाळाभर थंडीत राहतात, त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांची खिडकीजवळची फिरती खुर्ची होती. नव्या शहरासाठी गावच्या जमिनी गेल्यावर बाकीच्या मढवींनी चाळी बांधल्या, चाळींवर मजले चढवले, मजल्यांवर भाडेकरू चढवले. चुलतभाऊ कुंदनच्या दारात तर दोन गाड्या उभ्या असत आणि त्याच्या गळ्यातली चेन पाहून म्हशीलाही संकोच वाटला असता. मढवी साहेबांकडे वरची एक खोली भाड्याने दिलेली आणि ही खुर्ची, एवढंच. पण भावकीत 'साहेब' म्हणत ते फक्त त्यांना. कुंदनला कोणी साहेब म्हणत नव्हतं, आणि ते कुंदनलाही माहीत होतं.

तर मेल पुण्याच्या हेड ऑफिसातून, एचआरच्या राजेश्वरी मॅडमचा होता. प्रत्येक शाखेने 'एम्प्लॉई वेलनेस प्रोग्राम' राबवायचा आहे, कर्मचाऱ्यांचा सहभाग मोजला जाईल, आणि ज्या शाखेत तो कमी भरेल तिथलं ॲडमिनचं काम पुण्याला घेऊन तिथल्या ऑफिसरला तळोज्याच्या गोडाउनला पाठवलं जाईल. मढवी साहेबांनी तळोज्याचं गोडाउन पाहिलं होतं. तिथे ऑफिसर म्हणजे माकडटोपी घालून मटारच्या गोण्यांत उभा असलेला माणूस. माकडटोपीतल्या माणसाला जगात कोणीही साहेब म्हणत नाही.

संध्याकाळी त्यांनी ही बातमी बायकोला सांगितली, अर्थात तळोज्याचा भाग गाळून.

"वेलनेस म्हंजे दवाखाना काय?" सगुणाने विचारलं.

"नाही. त्याच्या आधीचं."

"मंग योगा?"

"योगा त्यातच येतो. पण हे त्याच्याही वरचं असतं."

"त्याच्या वर काय अस्तं?" सगुणाने अगदी सरळ मनाने विचारलं. साहेबांनी चहा फुंकून प्यायला सुरुवात केली, कारण वर काय असतं ते मेलमध्ये लिहिलेलं नव्हतं.

बातमी ओट्यावरून कुंदनकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स लागला. मधोमध मढवी साहेबांचा लग्नातला फोटो, भोवती गॉगल लावलेली पोरं, आणि मजकूर: 'कमळाकर दादा मढवी साहेब यांची वेलनेसप्रमुखपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांमध्ये कुंदनचा फोटो साहेबांपेक्षा थोडा मोठा होता. साहेब वरवर म्हणाले, याची काय गरज होती, आणि त्या दिवशी रिक्षा नाक्याच्या अलीकडे सोडून चालत घरी आले. आता माघार नव्हती. पद नुसतं मिळालं असतं तर गुपचूप गमावता आलं असतं. फ्लेक्स लागल्यावर ते गावाचं झालं होतं.

पहिला प्रयोग योगाचा झाला. ड्युटीच्या आधी, पार्किंगमध्ये, निळ्या चटया अंथरून. चटयांवर कोणीच आलं नाही. फक्त गेटवरचा सिक्युरिटी गार्ड हजर होता, आणि तोही गेट सोडून जाता येत नाही म्हणून. साहेबांनी त्यालाच वेगवेगळ्या चटयांवर बसवून फोटो काढले आणि पुण्याला पाठवले. तिकडून उत्तर आलं, की सगळ्या फोटोंत एकच व्यक्ती दिसते, तरी कृपया खुलासा करावा.

मग ताणाचा फॉर्म आला. 'तुम्हाला कामाचा ताण जाणवतो का?' असा एकच प्रश्न, पण त्याने सगळं ऑफिस हादरलं. अकाउंट्सचा प्रितम फॉर्म घेऊन केबिनमध्ये आला. प्रितम हा साहेबांचाच भाडेकरू. आई चांगुणाबाईंना घेऊन वरच्या खोलीत राहणारा, जालन्याकडचा, सरळ मुलगा.

"साहेब, टेन्शन आहे लिहिलं तर बोलतील, याला झेपत नाय, काढा. टेन्शन नाय लिहिलं तर बोलतील, रिकामा आहे, काम द्या. मग काय टाकू?"

साहेबांनी विचार केला. दोन्ही बाजू त्यांना पटल्या. "तुला योग्य वाटेल ते लिही," ते म्हणाले. प्रितमने बाहेर जाऊन सगळ्यांशी मसलत केली आणि संध्याकाळी साऱ्या ऑफिसने एकमताने लिहून दिलं: 'आपण म्हणाल तसं.' पुण्याने कळवलं, की या उत्तराचा आलेख निघत नाही.

यानंतर दर तासाला खुर्चीतून उठण्याची घंटा सुरू झाली. ती दोन दिवस चालली. डिस्पॅचचा कारकून घंटा झाली म्हणून पत्ता अर्धा लिहून उठला, आणि बेलापूरची सफरचंदं पनवेलला जाऊन बसली. घंटा बंद करावी असा तोंडी आदेश साहेबांनी स्वतःच काढला. एवढं सगळं करून सहभाग होता तिथेच होता, म्हणजे गार्डाएवढा. आणि आता राजेश्वरी मॅडमचा फोन आला, की पुढच्या शनिवारी 'फॅमिली वेलनेस डे' करायचा, त्या स्वतः येणार, डॉक्टर आणि रक्ततपासणीची माणसं त्या आणणार, पौष्टिक अल्पोपाहार आहारतज्ज्ञ ठरवणार. "मढवी, तुम्ही फक्त माणसं जमवा," मॅडम म्हणाल्या. "कुणालाही वगळल्यासारखं वाटता कामा नये. आणि मला सहभाग दिसायला हवा, नाहीतर पुढचं माझ्याही हातात नाही."

त्या रात्री जेवण जाईना तेव्हा साहेब कुंदनच्या ओट्यावर जाऊन बसले आणि तळोज्यासकट सगळं सांगून मोकळे झाले. कुंदन आधी पोटभर हसला. मग मात्र गंभीर झाला, कारण फ्लेक्सवर त्याचाही फोटो होता.

"भाऊ, चूक तुझीच हाय," तो म्हणाला. "तू बोलावतोस कसा? मेल टाकून. मेलवर कोन येतं? उद्या मी हलदीचं मेलवर सांगितलं तर माझी बायको पन येनार नाय. मानसाच्या दारात जावा लागतं. उंबऱ्याला उभं राहून सांगावा लागतं, चूलबंद आवताण हाय, सगल्यांनी यायचं. मंग बघ कोन घरी ऱ्हातो."

साहेबांना हे एकदम पटलं. पुण्याच्या एवढ्या सगळ्या मेलमध्ये कोणी इतकं स्पष्ट बोललं नव्हतं.

चूलबंद आवताण म्हणजे काय ते इकडे लहान पोराला विचारलं तरी सांगेल. त्या दिवशी त्या घरातली चूल पेटत नाही. म्हातारंकोतारं, पाहुणा, भाडेकरू, सगळे आवताण देणाऱ्याच्या पंगतीला. चूल आता गॅसची झाली, पण शब्दाचं वजन तेवढंच राहिलं आहे. हे साहेबांना माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? हळदीलग्नाची अशी आवताणं त्यांनी आयुष्यभर दिली आणि घेतली होती. पण त्या घटकेला त्यांच्या डोक्यात फक्त माकडटोपी होती, आणि चूलबंद हा शब्द त्यांनी आग्रहाच्या भरात, नुसतं 'नक्की या' म्हणण्याऐवजी वापरायला सुरुवात केली.

ऑफिसातली बरीच माणसं घणसोली गावातच भाड्याने राहत होती. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. पहिल्या घरी डिस्पॅचच्या कारकुनाला आवताण दिलं. जिना उतरताना खाली त्याचा घरमालक पेपर वाचत बसलेला. तो होता साहेबांच्या आत्याचा दीर. भाडेकरूला चूलबंद सांगून मालकाच्या समोरून तसंच निघून जायचं, एवढा उद्धटपणा मढवींच्या सात पिढ्यांत कोणी केला नव्हता. त्याला सांगितलं. त्याला सांगितलं म्हणून शेजारच्या भावाला सांगितलं. भावाला सांगितलं तर समोरच्यांनी काय घोडं मारलंय? मॅडमचं वाक्य कानात होतंच, कुणालाही वगळल्यासारखं वाटता कामा नये. संध्याकाळपर्यंत साहेबांनी तीन आळ्या पुऱ्या केल्या, आणि दारोदारी 'येतो, येतो, साहेब' असं ऐकून त्यांची छाती शर्टाच्या बटणांना जड झाली.

"जेवान काय हाय?" रात्री सगुणाने विचारलं.

"ते कंपनीचं आहे," साहेब वरच्या पट्टीत म्हणाले. "आहारतज्ज्ञ नेमलाय."

सगुणाला वाटलं, हे आचाऱ्याचंच काहीतरी मोठं नाव असणार, आणि ती निर्धास्त झोपली.

शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये मांडव, टेबलं, डॉक्टर, सगळं सज्ज होतं. राजेश्वरी मॅडम पुण्याहून अंधारात निघून आलेल्या. एका कानाला फोन, दुसऱ्या हातात लॅपटॉप, डोळ्यांखाली वर्तुळं. माणसं येतील ना, असं त्यांनी विचारायला आणि गेटबाहेर पहिला टेम्पो थांबायला एकच गाठ पडली. मग दुसरा थांबला. मग रिक्षांची रांग लागली. हिरव्यागार साड्या, अंगभर सोनं, कडक टोप्या, काठ्या टेकणारे आजोबा, कडेवरची पोरं. कुंदन पांढऱ्या कपड्यांत, दोन्ही गाड्या भरून. प्रितमबरोबर चांगुणाबाई, ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून. मॅडम फोन कानावरून खाली घ्यायला विसरल्या.

"मढवी, आपल्या शाखेत चाळीस माणसं आहेत ना?"

"फॅमिली आहे, मॅडम," साहेब म्हणाले. त्यांना स्वतःलाही ते पूर्ण खोटं वाटलं नाही.

रक्त घेणाऱ्या मुलीने प्रत्येकाला विचारलं, उपाशीपोटी आहात ना? सगळे उपाशीपोटी होते. चूलबंद आवताणाला घरून खाऊन येणं हा यजमानाचा अपमान असतो. डॉक्टर हरखून गेले. एवढा शिस्तीचा समाज आपण कुठल्याही शिबिरात पाहिला नाही, असं ते मॅडमना म्हणाले. साहेबांना क्षणभर फ्लेक्स लागल्या दिवसासारखं वाटलं.

मग अल्पोपाहार आला. कागदी वाटीत मोड आलेली मटकी, वर काकडीच्या दोन चकत्या, बाजूला बिनमिठाचं ताक. तेही चाळीस माणसांपुरतं, म्हणजे आठ जणांत एक वाटी जेमतेम.

मांडव गप्प झाला. एवढी माणसं एका ठिकाणी गप्प बसलेली साहेबांनी फक्त दहाव्याला पाहिली होती. चांगुणाबाईंनी वाटी डोळ्यांजवळ नेली, मटकीचा एक दाणा उचलून पाहिला आणि परत ठेवला.

"साहेब, हे आधीचं असंल ना?" त्यांनी मायेने विचारलं. "खरं जेवण मागून यायलंय?"

कुंदन जवळ सरकला. "भाऊ, आचारी कुठं हाय? आतमधी?"

आता कुठे साहेबांच्या लक्षात आलं, की आपण नेमकं काय सांगून आलो होतो. तीन आळ्यांतल्या चुली थंड होत्या, त्यांच्या शब्दावर. मटार मोजायला तळोज्याला पाठवलं असतं तर लोकांनी चार दिवस विचारलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण मढव्यांच्या कमळाकरने गावाला चूलबंद सांगून काकडी दिली, हे नातवंडांच्या लग्नात निघालं असतं. त्यांना फार लाज वाटली. इतकी, की मॅडमच्या पुढ्यात आपण घामाने भिजलोय याचंही त्यांना काही वाटेना.

सगुणा पुढे आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण तिने नवऱ्याकडे नुसतं एकदा पाहिलं आणि पदर खोचला.

"रडताव कशाला? चुली बंद केल्या हायेत, फोडल्या नायत," ती म्हणाली. मग बायकांकडे वळली. "चला गो. भाताचे टोप चढवा, भाकऱ्या थापा, घरात असंल ते घ्या. कुंदन भावजी, गाड्या काढा." जाता जाता तिने ऑफिसच्या पोरांना दटावलं. "तुमी काय बघताव? तुमी घरची मानसं. पंगती मांडा."

घरची माणसं कामाला लागली. ज्यांनी योगाची चटई उलगडली नव्हती त्यांनी त्याच निळ्या चटया पार्किंगभर अंथरल्या. डिस्पॅचवाले एपीएमसी मार्केटमधून कांदे, लिंबं आणि केळीची पानं घेऊन आले. तासाभराने कुंदनच्या गाड्या परतल्या, पण गार्डाने त्या गेटवर अडवल्या. बाहेरचं खाद्य आवारात आणायचं तर ॲडमिनच्या सहीचा इनवर्ड पास लागतो. हा नियम साहेबांनीच मागच्या वर्षी केला होता, आणि तो पाळणारा एवढा एकच माणूस कंपनीत होता. साहेब उन्हात उभं राहून लिहायला लागले: तांदळाच्या भाकऱ्या, टोपल्या, सुकटीचं कालवण, टोप, वालाची भाजी, टोप, कोणी आणलं, कशासाठी आणलं. 'कशासाठी' या रकान्यात त्यांनी 'वेलनेस' लिहिलं. दुसरं सुचेना.

पंगती उठल्या, बसल्या, पुन्हा बसल्या. प्रितम भात वाढत होता, गार्ड गेटाला कुलूप घालून पाणी वाढत होता. चांगुणाबाईंनी राजेश्वरी मॅडमचा हात धरून त्यांना शेजारी बसवून घेतलं.

"सकाळपासून काय खाल्लं, बाई?"

"कॉफी."

"कॉफी काय खायची असती? फोन ठेव तो. जेव आधी."

पुण्याच्या हेड ऑफिसात मॅडमना असं कोणी सांगितलं नसावं. त्यांनी फोन पालथा ठेवला, वालाची भाजी दोनदा मागून घेतली, आणि हात धुऊन 'पाच मिनिटं मेल बघते' म्हणून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दुपारभर त्या फिरत्या खुर्चीत मान टाकून गाढ झोपल्या होत्या. साहेबांनी दारातून पाहिलं आणि पंखा हळू केला. खुर्ची जाणार तर आहेच, निदान कोणाच्या तरी उपयोगी पडतेय, असं त्यांना वाटलं.

मॅडम उठल्या तेव्हा टेबलावर दिवसाचा अहवाल होता. तीनशेच्या वर माणसं तपासली गेली होती. त्यांनी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली, आणि साहेबांना बोलावलं.

"मढवी, यात तुमचा एकही कर्मचारी नाही."

साहेबांनी यादी पाहिली. आत्याचा दीर होता, त्याचा भाऊ होता, समोरचे सगळे होते. चाळिसांपैकी एक नाव नव्हतं. प्रितमला आत बोलावलं. त्याच्या शर्टावर कालवणाचा डाग होता.

"तुम्ही कुणीच तपासून घेतलं नाही? जेवलात तरी का?" मॅडमनी विचारलं.

"आता बसतोय ना, मॅडम, शेवटच्या पंगतीला," प्रितम म्हणाला. त्याला प्रश्नच नीट कळला नव्हता. "घरचं कार्य होतं. तपासायलाही पाहुण्यांनाच पुढे केलं. घरचा माणूस आधी कसा बसणार?"

मॅडमनी 'कर्मचारी सहभाग' या रकान्यात शून्य भरलं, कारण रकान्यात दुसरं काही बसत नव्हतं, आणि खिडकीतून पार्किंगकडे पाहिलं. तिथे सगळं ऑफिस निळ्या चटयांवर मांडीला मांडी लावून जेवत होतं. "मला हे कुठे लिहायचं तेच समजत नाहीये," त्या म्हणाल्या. साहेबांनाही समजत नव्हतं. दोघांनी मिळून थोडा वेळ न समजण्यात घालवला.

निकाल पंधरवड्याने आला. वेलनेसमध्ये तुर्भे शाखा सगळ्यांत शेवटची. पण 'समाजाभिमुख उपक्रम' नावाचा एक रकाना होता, जो आजवर कुठल्याच शाखेने भरला नव्हता. तो मॅडमनी भरला होता, आणि त्यात तुर्भे पहिली आली. खुर्ची राहिली. वेलनेस पुण्याला गेलं. आता रोज सकाळी मोबाइलवर 'आज कसं वाटतंय?' असा प्रश्न येतो आणि सगळं ऑफिस हसरा चेहरा दाबून कामाला लागतं. एक बदल मात्र झाला, तो कोणाच्याच लक्षात आला नाही, फक्त साहेबांच्या आला. त्या शनिवारपासून ऑफिसात त्यांना साहेब कोणी म्हणत नाही. सगळे दादा म्हणतात. ही बढती की काय, हे विचारायचं कोणाला, ते त्यांना कळत नाही.

राहता राहिलं गाव. सगुणाने बजावलं, की आवताण फुकट गेलंय, ते फेडल्याशिवाय मला विहिणींमध्ये तोंड दाखवता येनार नाय. येत्या रविवारी, आपल्या दारात, खरंखुरं जेवण. बोकड ठरला, आचारी ठरला, आणि साहेब पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून त्याच तीन आळ्यांत निघाले. या वेळी प्रितम बरोबर होता. लोक उंबऱ्यात येत, ऐकून घेत, आत बायकोकडे बघत आणि मग 'बघतो' म्हणत. 'बघतो' हा शब्द मढवींना गावात याआधी कोणी ऐकवला नव्हता.

शेवटचं घर कुंदनचं. तो ओट्यावर बसून मोबाइल बघत होता.

"रविवारी चूलबंद आवताण आहे," साहेब म्हणाले. "सगळ्यांनी यायचं."

"येतो ना, मटकीसाहेब," कुंदन म्हणाला. मग त्याने आत स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "पन भाऊ, खरं सांग. चूल पूर्न बंद करू, का नुसती बारीक करून येऊ?"

प्रितमने तोंड फिरवलं. परत येताना नाक्यापर्यंत साहेब मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करत होते. नावातली मटकी सोडली तर 'साहेब' अजून शिल्लक आहे, एवढाच हिशेब त्यांना लागत होता.